वय झालं म्हणून जेवण कमी झालं: एवढ्यावर सोडून द्यायचं का?

ओसरी

घरातलं माणूस सत्तरीच्या पुढे गेलं की ताटातलं एकेक कमी होत जातं. आधी एक पोळी कमी, मग रात्रीचा भात बंद, मग नुसतं दूध. आपण सगळे "वय झालं, आता एवढंच लागतं" म्हणून मोकळे होतो. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

सध्या मी जॉन मॉर्ले या डॉक्टरांचं काम वाचतेय. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शिकलेले. पुढे अमेरिकेत गेले आणि हार्मोन्सच्या अभ्यासातून भुकेकडे वळले. मिनियापोलिसला ॲलन लेव्हिन यांच्याबरोबर त्यांनी उंदरांवर प्रयोग केले. शेपटीला चिमटा लावून ताण दिला की उंदीर खायला लागतात, आणि मेंदूतल्या अफूसारख्या द्रव्यांना अडवणारं नॅलोक्सोन दिलं की ते खाणं थांबतं. १९८० साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे भूक फक्त पोटात नसते, हे त्यांना सुरुवातीपासून दिसत होतं. १९८९ पासून ते सेंट लुईस विद्यापीठात वार्धक्यशास्त्राचा विभाग सांभाळत होते.

१९८८ मध्ये त्यांनी म्हातारपणातल्या भूकमंदीवर स्वतंत्र लेख लिहिला. सार असं: धडधाकट माणसाचीही भूक वयाबरोबर थोडी उतरते, तो शरीराचा भाग आहे. पण त्यावर आजार, औषधं, दात, एकटेपण, उदासी यांतलं काही येऊन बसलं की वजन घसरायला लागतं, आणि यातलं बरंचसं दुरुस्त करता येतं. आपण पहिल्या गोष्टीचं नाव सांगून दुसरीकडे डोळेझाक करतो.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या, नाशिकला असतात. गेल्या पावसाळ्यात चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधेदुखी बरीच ओसरली, पण वजन ५५ वरून ४९ किलोवर आलं ते तिथेच आहे. "मला भूकच नाही गं" एवढंच म्हणतात.

तुमच्या घरी काय अनुभव आहे? कशाने फरक पडला?

माळरान

चांगला विषय. वडील ८१. आवडीची भाजी असली तरी चार घासांत पोट भरलं म्हणतात आणि हात धुतात. इतक्या लवकर पोट खरंच भरतं का?

शेवंती_डॉ

माळरान, खरंच भरतं. वडील बरोबर सांगताहेत.

जेवायला लागलो की जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्नाला जागा करून देतो. त्यासाठी तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार व्हावं लागतं. वयाबरोबर हे सैल होणं कमी पडतं, अन्न लवकर खालच्या भागात सरकतं, तो ताणला जातो आणि मेंदूला "बस" असा निरोप जातो. मॉर्ले यांनी मांडलेलं हे स्पष्टीकरण आहे. शिवाय मोठं जेवण जठरातून पुढे जायला वेळ लागतो, त्यामुळे दुपारचं जेवण रात्रीपर्यंत जाणवत राहतं.

दुसरी गोष्ट हार्मोन्सची. जेवणातली चरबी आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन सुटतं आणि पोट भरल्याची जाणीव होते. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला मायकेल होरोविट्झ आणि इयन चॅपमन यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. वृद्धांच्या रक्तात हे जास्त आढळतं आणि त्यांच्यावर त्याचा परिणामही टिकून असतो. भूक लावणारं घ्रेलिन १९९९ मध्ये जपानमध्ये सापडलं, भूक आवरणारं लेप्टिन त्याआधी १९९४ मध्ये. पुरुषांमध्ये उतारवयात टेस्टोस्टेरॉन उतरतं तसं लेप्टिन वाढतं. बायकांपेक्षा पुरुषांचं खाणं वयाबरोबर जास्त घटतं, त्याचं एक कारण हे असावं असं मॉर्ले यांचं म्हणणं.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की दोन वेळच्या भरल्या ताटाचा आग्रह सोडा. पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या.

पंचक्रोशी

धाग्याचा सूर मला थोडा खटकला. प्रत्येक गोष्टीला आजार ठरवायची गरज आहे का? माझे आजोबा चाळीस वर्षं एकभुक्त राहिले, ९३ व्या वर्षी गेले, शेवटच्या वर्षापर्यंत शेतावर फेरी मारायचे. मिताहार हा आपल्याकडे संस्कार आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मागे वाटी घेऊन धावणं हा त्यांच्यावर अन्याय वाटतो. नको म्हणतात तर नको.

दूधभाकरी

पंचक्रोशी +१. माझी आईसुद्धा कायम कमीच जेवत आलीय.

ओसरी

पंचक्रोशी, तुमच्या आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं. पण ते चाळीस वर्षं तेवढंच जेवत होते आणि शरीर त्याला सरावलेलं होतं. मी बोलतेय ते जेवणात आणि वजनात *बदल* झालेल्या माणसांबद्दल. सहा महिने ते वर्षभरात प्रयत्न न करता ५ टक्के वजन गेलं तर डॉक्टर त्याकडे लक्ष द्या म्हणतात. ६० किलोच्या माणसाचे ३ किलो. एवढे ३ किलो आपल्याला दिसतही नाहीत, ब्लाउज सैल होतो तेव्हा कळतं.

शेवंती_डॉ

याला जोडून. कमी खाल्ल्याने आयुष्य वाढतं यासाठी अमेरिकेतल्या कॅलरी नावाच्या चाचणीचा दाखला नेहमी दिला जातो. दोन वर्षं खाणं घटवून पाहिलं होतं, पण त्यात घेतलेली माणसं पन्नाशीपर्यंतची आणि निरोगी होती. ते ऐंशीच्या माणसाला लावता येत नाही. तिथे वजन उतरतं तेव्हा स्नायू जातात. स्नायू गेले की खुर्चीतून उठता येत नाही, मग पडणं, मग खुब्याचं हाड.

आग्रहाबद्दल मात्र पंचक्रोशींशी सहमत आहे. जबरदस्तीने भरवलेला घास कुणालाच नको असतो.

तळकोकण

आमच्या आजीला (वय ८६) गेल्या वर्षी सगळ्यांनी घेरलं, जेवत का नाहीस म्हणून. तिने एका वाक्यात निकाल लावला: "माका भूक नाय असा कोणी सांगल्यान? तुमचा बिनमिठाचा जेवाण घशाखाली उतरणा नाय!"

बीपीमुळे घरात मीठ जवळजवळ बंद केलं होतं, तिचं सुकटही बंद. डॉक्टरांना विचारून थोडी मोकळीक घेतली, गोळी तीच ठेवली. आता सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी ताज्या बांगड्याचं तिखलं. आजी हसते, आम्ही हसतो, वजनकाटाही खूश.

रानजाई

आजी जिंदाबाद!

माझ्या मावशीच्या घरी तर मधुमेहाचं पथ्य, कोलेस्टेरॉलचं पथ्य, युरिक ॲसिडचं पथ्य अशी तीन पथ्यं एकावर एक चढली. डाळ नको, तूप नको, बटाटा नको, आंबा नको. मावशी विचारते, मग मी खाऊ काय?

शेवंती_डॉ

रानजाई, तुमच्या मावशीचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि मॉर्ले यांनी तो वर्षानुवर्षं मांडलाय. वृद्धांचं वजन का घटतं याची त्यांनी विद्यार्थ्यांसाठी आद्याक्षरांची एक यादी केली होती. तिच्यात औषधं, उदासी, गिळायचा त्रास, दात, पैशांची चणचण, स्मृतिभ्रंश, थायरॉइड यांच्याबरोबर कमी मीठ-कमी चरबीची पथ्यं हे एक कारण म्हणून दिलंय. चाळिशीत जे पथ्य हृदय वाचवतं तेच ऐंशीच्या अशक्त माणसाचं वजन उतरवू शकतं. मात्र हृदय कमजोर असेल, अंगावर सूज असेल तर मिठाचं बंधन खरं असतं. त्यामुळे तळकोकण यांनी केलं तसंच करावं, डॉक्टरांना विचारून.

चवीचं म्हणाल तर वयाबरोबर वास कमी येतो आणि वास गेला की चव जाते. ड्यूक विद्यापीठात सुझन शिफमन यांनी वृद्धांच्या जेवणात स्वाद वाढवून ते जास्त खातात का यावर काम केलं. आपल्या घरात त्याची सगळी सामग्री आहेच. मीठ न वाढवता लसणाची फोडणी, जिरं, आमसूल, लिंबू, कोथिंबीर, वरून चमचाभर तूप. मेतकूट आणि तूप घातलेला गुरगुट्या भात आजारी माणूसही खातो तो त्या वासामुळे.

माळरान

अवांतर होईल, पण कवळीचा मुद्दा कुणीच काढला नाही. वजन उतरलं की हिरड्या बसतात आणि कवळी सैल होते. वडिलांनी पोळी सोडली, मग पेरू, मग दाणे. आम्ही दाताच्या डॉक्टरांकडे नेऊन कवळी नीट बसवून घेतली, आता पोळी कुस्करून का होईना खातात.

दूधभाकरी

कवळी खिशात ठेवून जेवणारे आमच्या वाड्यात तीन जण होते. विचारलं तर म्हणायचे, "जेवताना त्रास होतो."

दूरदेशी

मी मेलबर्नला वृद्धांच्या निवासात काम करते. दोन गोष्टी सांगते.

एक. आमच्याकडे पुष्टीचं पेय जेवणाबरोबर देत नाहीत. मॉर्ले यांच्याच गटाने २००२ च्या सुमारास दाखवलं होतं की असं पेय जेवणाच्या तासभर आधी दिलं तर वृद्ध माणसाचं दिवसाचं एकूण खाणं वाढतं. द्रव पदार्थ जठरातून लवकर पुढे जातो, जेवणापर्यंत जागा होते. घरी महागडा डबा आणायलाच हवा असं नाही. नाचणीची आंबील, सातूचं पीठ दुधात, खजूर घातलेलं दूध, मिल्कशेक, काहीही चालेल. जेवणाच्या ताटाशेजारी मात्र ग्लासभर दूध ठेवू नका, ते ताटाची जागा घेतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. आमच्याकडे एक मराठी काका आहेत. खोलीत ताट नेलं तर अर्धं परत येतं. चार जणांच्या टेबलावर बसवलं की वाढून मागतात. मी शनिवारी घरचं वरण-भात आणि लिंबाचं लोणचं नेते तेव्हा शेजारच्या ग्रीक आजीसुद्धा ताट पुढे करतात. सोबतीने माणूस जास्त जेवतो, हे आमच्या कामात रोज दिसतं. भारतात आईवडील एकेकटे राहतात आणि डबा दारात टांगला जातो, तिथे डब्यापेक्षा डबा खाताना समोर कोण आहे हा प्रश्न मोठा आहे.

पंचक्रोशी

दूरदेशी, हे मनापासून पटलं. आजोबा एकभुक्त होते पण ती एक पंगत भरलेली असायची, हे आत्ता लक्षात आलं.

हिशेबनीस

कुणी प्रथिनांचा हिशेब मांडला नाही म्हणून मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची प्रौढांसाठीची शिफारस किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम. २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने (मॉर्ले त्यात होते) ६५ च्या पुढच्यांसाठी १ ते १.२ ग्रॅम सुचवलं, आजारपणात त्याहून जास्त. कारण म्हाताऱ्या स्नायूला तेवढंच काम करायला जास्त प्रथिन लागतं.

म्हणजे ५५ किलोच्या बाईला ५५ ते ६६ ग्रॅम. आता आपल्याकडच्या आजींचा दिवस बघा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी, वाटीभर पातळ वरण आणि थोडा भात, चारला चहा, रात्री मऊ भात आणि अर्धी वाटी दूध. कितीही उदारपणे मोजलं तरी तिशीच्या आसपास थांबतं.

वाढवायचं तर: अंडं एक, ६ ग्रॅम. पेलाभर दूध, ६ ते ७. मूठभर दाणे, ७ च्या आसपास. वरण घट्ट केलं की वाटी तीच आणि प्रथिन जास्त. कोशिंबिरीत दाण्याचं कूट, थालीपिठात बेसन आणि सोयाबीनचं पीठ, भातावर दही, नाश्त्याला मुगाचं धिरडं. जेवणाचा आकार न वाढवता हे सगळं होतं. मूत्रपिंडाचा मोठा आजार असेल तर मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

रानजाई

हिशेबनीस, त्यात उपवास धरा! आईचे सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि चातुर्मासातली वेगळी व्रतं. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. उपवास सोड म्हणायचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही, तो तिच्या मनाचा आधार आहे. पण साबुदाण्याऐवजी भगर आणि दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पोळी, दोनदा दूध, रात्री ताक असं बसवून घेतलं. तिला चाललं, देवालाही चाललं असावं.

पंचक्रोशी

आता खरा प्रश्न. तालुक्याच्या गावी एक जण "ताकदीचं इंजेक्शन" देतो, हार्मोनचं आहे म्हणतो. सत्तरीच्या काकांना घ्यायचंय. मॉर्ले हार्मोनवालेच ना? त्यांचं काय म्हणणं?

शेवंती_डॉ

काकांना आधी थांबवा.

मॉर्ले यांना टेस्टोस्टेरॉनमध्ये रस होता हे खरं. कमतरता ओळखण्यासाठी त्यांनी २००० साली दहा प्रश्नांची एक चाचणीही केली. पण तिच्या भरवशावर इंजेक्शन देता येत नाही, कारण थकवा आणि मरगळ याला "हो" म्हणणारे कितीतरी निघतात. सकाळी रक्त तपासून पातळी खरोखर कमी आहे का ते बघावं लागतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५ च्या पुढचे, पातळी कमी असलेले ७९० पुरुष होते. लैंगिक बाबतीत मध्यम फायदा दिसला, उत्साह-ताकद म्हणून जे विकलं जातं त्यात विशेष काही हाती लागलं नाही.

ग्रोथ हार्मोनचंही तसंच. १९९० मध्ये डॅनियल रुडमन यांनी बारा वयस्क पुरुषांना सहा महिने ते दिलं, चरबी घटली, स्नायूंचं वजन वाढलं. एवढ्याशा अभ्यासावर तारुण्याचा बाजार उभा राहिला. घ्रेलिनसारखं काम करणारी गोळी वृद्धांना देऊन पाहिली तेव्हाही वजन वाढलं, चालणं-उठणं सुधारलं नाही. स्नायू वापरल्याशिवाय ताकद येत नाही. काकांना खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला सांगा, रोज.

माळरान

आणि याच्या उलट, भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांचं काय? चुलत बहीण ६७ वर्षांची, मधुमेह आहे, आठवड्याला एक घेते. साखर छान आहे, पण जेवण निम्म्यावर आलंय.

शेवंती_डॉ

ती औषधं आतड्यातल्या जीएलपी-१ हार्मोनच्या वाटेने काम करतात, पोट सावकाश रिकामं होतं आणि भूक उतरते. वजन खरोखर जास्त असेल तर उपयोग मोठा. पण उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. त्यामुळे बहिणीच्या ताटात जे काही येईल त्यात आधी प्रथिन, आणि जोडीला वजन उचलायचा व्यायाम. मुळात किडकिडीत असेल तर हे औषध योग्य आहे का, ते लिहून देणाऱ्यांशी स्पष्ट बोलून घ्या.

ओसरी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण सासूबाईंच्या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अजून लिहिलेली नाही.

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात सुझन रॉबर्ट्स यांनी १९९४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तरुण आणि वयस्क पुरुषांना तीन आठवडे कमी खायला दिलं, सगळ्यांचं वजन उतरलं. मग हवं तेवढं खायची मुभा दिली. तरुणांनी आपोआप जास्त खाऊन वजन भरून काढलं. वयस्कांनी नाही. आजारपणानंतर तरुण माणसाला जी सपाटून भूक लागते ती म्हातारपणी लागतच नाही!

चिकुनगुनियानंतर आम्ही सगळे हेच म्हणत होतो की बऱ्या झाल्या की खातील. ती भूक येणारच नव्हती. ताप, ऑपरेशन, दवाखान्यातले दिवस, घरातलं दुःख, प्रत्येक वेळी थोडं वजन जातं आणि परत येत नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती, घरात सत्तरीपुढचं माणूस आजारातून उठलं की भुकेची वाट बघू नका. पुढचे दोन-तीन महिने घड्याळ लावून द्या.

या वेळी डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवीच नेली. मेटफॉर्मिन आणि लोहाच्या गोळीने भूक मरू शकते हे तिथे कळलं. लोहाची गोळी आता लागत नाही म्हणून त्यांनी बंद केली. थायरॉइड, बी-१२ तपासलं. आणि त्यांनी सासूबाईंना एकटं बसवून मन कसं आहे ते विचारलं. सासरे गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात उभ्याच राहून जेवतात, हे त्या डॉक्टरांना बोलल्या. आम्हाला कधी बोलल्या नव्हत्या.

शेवंती_डॉ

ओसरी, तो प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. नर्सिंग होममधल्या वृद्धांचं वजन का घटतं हे मॉर्ले यांनी तपासलं तेव्हा कारणांत उदासी सगळ्यात वर निघाली होती. आणि तिच्यावर उपचार होतो. बाकीच्यांनी आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नये, एवढं जोडते.

हिशेबनीस

घरी करता येण्यासारखी एखादी तपासणी आहे का? वजनकाट्याशिवाय?

शेवंती_डॉ

आहे. मॉर्ले यांच्या गटाने २००५ मध्ये चार प्रश्नांची यादी तपासून प्रसिद्ध केली. भूक कशी आहे? किती खाल्ल्यावर पोट भरतं? जेवणाला चव कशी लागते? दिवसातून किती वेळा जेवता? प्रत्येकाला १ ते ५ गुण, सगळ्यात वाईट उत्तराला १. बेरीज १४ किंवा कमी आली तर पुढच्या सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांनी उतरायचा धोका आहे असं समजायचं. वजन उतरायच्या *आधी* कळतं, हे त्यातलं महत्त्वाचं. उत्तरं त्यांची त्यांना देऊ द्या, आपण त्यांच्या वतीने देऊ नका.

माळरान

वडिलांना विचारलं. बेरीज ११. चवीच्या प्रश्नाला म्हणाले, "तुझी आई करायची तशी नाही, पण वाईट नाही." मंगळवारी डॉक्टरांकडे नेतोय, औषधांची पिशवी घेऊन. आणि आजपासून रात्री आठला सगळे एकत्र बसणार आहोत, मुलाचा क्लास अर्धा तास पुढे ढकलला.

तळकोकण

माळरान, गेल्यावर काय झालं ते लिहा इथे. आणि आईच्या हातचं काय आवडायचं त्यांना, तेही विचारा. पाककृती मिळवून देतो.

माळरान

विचारलं. अळूचं फतफतं, दाणे आणि मुळा घालून. आहे का कुणाकडे?

रानजाई

आहे. वेगळा धागा काढते, दाणे आदल्या रात्री भिजत घाला.